मेघसंगणन : स्वरूप, उपयोग आणि सावधगिरी

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)

आमच्या घरातील दोन गोष्टी गेल्या काही वर्षांत ‘क्लाउड’वर गेल्या. एक म्हणजे सांगलीच्या बाजारपेठेतील काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाची खातेवही, आणि दुसरी म्हणजे मी जमविलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. खातेवही तेथे गेल्यामुळे वाचली. ओव्यांचा बराच मोठा भाग मात्र तेथे जाऊनही हातचा गेला. एकाच सोयीचे असे दोन अनुभव का यावेत, याचा शोध घेताना मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, संगणकशास्त्राची नव्हे. म्हणून यंत्राच्या अंतरंगात फार खोल न शिरता, घरात आणि दुकानात या सोयीचा उपयोग करणाऱ्या माणसाला जेवढे कळणे अवश्य आहे, तेवढेच सांगावयाचे आहे.

१. नाव आणि वस्तू

क्लाउड म्हणजे ढग. संदेशवहनाच्या जाळ्याचा आराखडा कागदावर काढताना ज्या भागाच्या तपशिलाशी आपल्याला कर्तव्य नाही, तो भाग अभियंते ढगाच्या आकृतीने दाखवीत. त्या आकृतीवरून हे नाव रूढ झाले. मराठीत ‘मेघसंगणन’ असा शब्द आता वापरात येत आहे. पण बोलताना सर्वजण ‘क्लाउड’च म्हणतात.

या नावामुळे एक गैरसमज मात्र होतो. आपले फोटो, पत्रे, हिशेब कोठे तरी अधांतरी, आकाशात ठेवले आहेत, असे वाटू लागते. वस्तुतः ते जमिनीवरच असतात. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रांगेने मांडलेले असतात. त्यांना अखंड वीज लागते, वीज गेल्यास जनित्रे लागतात, आणि यंत्रे तापू नयेत म्हणून रात्रंदिवस थंडावा राखावा लागतो. अशा इमारतीला ‘डेटा सेंटर’ म्हणतात. ही केंद्रे आपल्यापासून दूर आहेत असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथून, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईतून आणि गूगलने २०१७ साली मुंबईतून आपली क्लाउड सेवा सुरू केली. थोडक्यात, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत असलेला, दुसऱ्याने सांभाळलेला आणि आपण भाड्याने वापरीत असलेला संगणक होय. एवढी एक गोष्ट मनात पक्की धरली, तर पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाही.

२. पूर्वपीठिका

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने असे भाकीत केले होते की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. त्या काळी एकेक संगणक खोलीएवढा असे आणि त्याची किंमत व्यक्तीच्या आवाक्याबाहेरची होती. साहजिकच एक यंत्र अनेकांनी वाटून वापरावे, हा विचार पुढे आला. नंतर संगणक स्वस्त व लहान झाले, घरोघरी आले, आणि वाटून वापरण्याची गरज काही काळ मागे पडली.

इंटरनेट सर्वदूर पोचल्यावर तोच विचार नव्या रूपाने परतला. २००४ मध्ये गूगलने जीमेल सुरू करून प्रत्येकाला १ जीबी जागा देऊ केली. पत्रे आपल्या यंत्रावर न ठेवता दुसऱ्याकडे ठेवण्याची सवय असंख्य लोकांना तेथून लागली. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने आधी साठवणुकीची जागा आणि मग प्रत्यक्ष संगणकाची शक्ती भाड्याने देण्यास प्रारंभ केला. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने मेघसंगणनाची व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यात पाच लक्षणे सांगितली आहेत : ग्राहकाने स्वतःच हवी ती सेवा घेणे, ती जाळ्यावरून कोठूनही मिळणे, एकाच साधनसंपत्तीचा अनेकांनी उपयोग करणे, गरजेनुसार ती तत्काळ वाढणे वा घटणे, आणि वापराचे मोजमाप होणे.

यांतील चौथे लक्षण आपल्या अनुभवातील आहे. बारावीचा निकाल ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी दुपारी लाखो मुले एकाच वेळी निकाल उघडतात. उरलेले वर्षभर तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. त्या एका दुपारसाठी शेकडो संगणक विकत घेऊन ठेवणे शहाणपणाचे नाही. क्लाउडवर तेवढ्या वेळेपुरती यंत्रे वाढवून घेता येतात व संध्याकाळी सोडून देता येतात. लग्नासाठी आपण भांडी विकत आणत नाही, भाड्याने आणतो. तसेच हे आहे.

३. सेवेचे तीन प्रकार

ही सेवा तीन प्रकारांनी मिळते. गावाहून शिक्षणासाठी शहरात आलेल्या विद्यार्थ्याच्या जेवणाच्या सोयीवरून ते प्रकार चटकन लक्षात येतील.

(अ) नुसती खोली भाड्याने घ्यावी, शेगडी-भांडी आपली आणावीत आणि हाताने स्वयंपाक करावा. येथे पुरवठादार केवळ यंत्रशक्ती आणि जागा देतो. बाकी सर्व व्यवस्था ग्राहकाची. मोठ्या कंपन्या हा मार्ग घेतात.

(आ) शेगडी-भांड्यांसह स्वयंपाकघर मिळावे, आपण फक्त शिजवावे. नवी प्रणाली तयार करणाऱ्यांना हा प्रकार सोयीचा पडतो.

(इ) सरळ डबा लावावा. वेळ झाली की तयार जेवण दारात. ई-मेल, फोटोंची साठवण, क्लाउडवरील हिशेबाची प्रणाली हे सर्व डबेच आहेत. तुम्हीआम्ही आणि काकांसारखे लहान व्यापारी बहुधा याच प्रकारचे ग्राहक असतो.

डबा सोयीचा खरा. पण त्यात काय शिजते, कसे शिजते यावर आपला ताबा राहत नाही. डबेवाल्याने दर वाढविला किंवा डबा बंद केला, तर त्या संध्याकाळी आपली पंचाईत होते. सोय जितकी अधिक, तितका ताबा कमी, हे या तीन प्रकारांमधील मुख्य सूत्र आहे.

सर्वांसाठी खुला असलेला क्लाउड सार्वजनिक, आणि एकाच संस्थेसाठी राखलेला तो खाजगी, असाही एक भेद केला जातो. भारत सरकारने आपल्या खात्यांसाठी उभारलेल्या क्लाउडला ‘मेघराज’ असे समर्पक नाव दिलेले आहे.

४. दुकानातील वही

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले आणि दिवसेंदिवस हटले नाही. काकांचे दुकान तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा चिखलाने भरलेला संगणक आणि फुगून एकमेकींना चिकटलेल्या लाल वह्या हाती आल्या. काका बेसावध होते असे नव्हे. दर शनिवारी ते हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेत असत. पण तो पेन ड्राइव्ह गल्ल्याच्या खणातच असे! तो चिखलात कोठे गेला, ते समजलेच नाही. मालाचे नुकसान डोळ्यांना दिसत होते. उधारीचे दिसत नव्हते. कोणाकडे किती येणे आहे, ते काकांनी आठवून आठवून कागदावर मांडले. काहीजणांनी स्वतः येऊन पैसे दिले, काहींनी “आठवत नाही हो” म्हणून सांगितले. त्यांच्याही घरांत पाणी शिरले होते. कोणाला दोष द्यावा?

त्यानंतर कर-सल्लागारांच्या आग्रहावरून काकांनी हिशेब क्लाउडवरील प्रणालीत ठेवण्यास सुरुवात केली. प्रथम त्यांचा विश्वास बसेना. मला म्हणाले, “अगं, ही वही आता माझी की त्यांची? उद्या पैसे भरायचे थांबवले, तर वही देणार का नाही ते?” मी हसले होते. आता वाटते, साऱ्या विषयाचे मर्म त्या प्रश्नात होते.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी माल आधीच वरच्या मजल्यावर नेला होता. जुना संगणक मात्र खालीच राहिला आणि बुडाला. दुकानात पाणी असताना काका गावाकडच्या घरी ओसरीवर बसून फोनवर उधारीची यादी वाचून दाखवीत होते, आणि मी ती कागदावर उतरवून घेत होते. एक रुपयाचाही हिशेब गेला नाही.

लहान व्यापाऱ्यास या पद्धतीचे जे लाभ होतात, ते काकांच्या दुकानावरून असे सांगता येतील : एकदम मोठे भांडवल न गुंतविता ठरावीक वर्गणीत काम भागते, दुकान, घर आणि कर-सल्लागाराचे कार्यालय या तिन्ही ठिकाणी एकच हिशेब पाहता येतो, प्रणालीतील सुधारणा आपोआप मिळतात, आणि दुकानावर आलेले संकट हिशेबावर येत नाही.

तोटेही आहेत. इंटरनेट बंद पडले की वही मिटली. वर्गणी दरसाल भरावी लागते आणि तिचा दर ठरविणे आपल्या हाती नसते. अनेक वर्षांच्या वर्गणीची बेरीज केली, तर ती एका साध्या संगणकाच्या किमतीपुढे जाऊ शकते. तेव्हा क्लाउड स्वस्तच असतो असे समजू नये. आपण पैसे यंत्राचे देत नाही, यंत्राच्या राखणीचे देतो.

५. घरातील वही

आता दुसरी वही. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत, लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या फोनवर चित्रित केल्या. एकूण ५२ ओव्या झाल्या. दळण केव्हाच गिरणीत जाऊ लागले होते. पण जात्याचा खुंटा हाती आला की तिला ओव्या सुचत, एरवी आठवत नसत. फोनवर घेतलेले प्रत्येक चित्रण आपोआप क्लाउडवर जात असे. त्यामुळे मी निश्चिंत होते. प्रकल्पापुरत्या १९ ओव्या वहीत उतरवून घेतल्या. बाकीच्या सवडीने उतरवू असे ठरविले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनमधील जागा संपली. ‘क्लाउडवर आहेच’ असे म्हणून मी फोनमधील मोठी चित्रणे पुसून टाकली. मे महिन्यात आजी गेली. जूनमध्ये तिचा आवाज ऐकावा म्हणून क्लाउड उघडला, तर तेथे काहीच नव्हते. फोनवर पुसलेली वस्तू क्लाउडवरही पुसली गेली होती. ती दोन महिने कचऱ्याच्या पेटीत होती, आणि ती मुदत एप्रिलमध्येच संपली होती. फोनवरील प्रत तेवढी काढून क्लाउडवरील कायम ठेवण्याची वेगळी सोय त्याच यंत्रणेत होती. ती मी वाचलीच नव्हती. चूक कोणाचीच नव्हती, माझी होती.

या अनुभवातून जो भेद मी शिकले, तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. ‘समक्रमण’ आणि ‘राखीव प्रत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समक्रमण म्हणजे दोन ठिकाणच्या वस्तू सदैव सारख्या ठेवणे. तो आरसा आहे : समोरची वस्तू गेली की आरशातलीही जाते. राखीव प्रत म्हणजे एका विशिष्ट दिवशी वेगळी काढून ठेवलेली नक्कल. मूळ वस्तू बदलली वा नष्ट झाली, तरी ती तशीच राहते. पुरवठादार आपली वस्तू एकाहून अधिक यंत्रांवर ठेवतो, त्यामुळे त्याचे एखादे यंत्र बिघडले तरी वस्तू वाचते. पण आपणच ‘पुसा’ अशी आज्ञा दिली, तर ती आज्ञा त्या सर्व प्रतींना लागू पडते. काकांचा शत्रू पूर होता. पुरापासून क्लाउडने रक्षण केले. माझा शत्रू माझे बोट होते. त्यापासून त्याने रक्षण केले नाही.

शिवाय अटी बदलतात, हेही विसरू नये. २०१५ पासून गूगल फोटोजमध्ये विशिष्ट प्रतीच्या फोटोंना विनामूल्य अमर्याद जागा होती. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. दोन वर्षे न उघडलेली व्यक्तिगत खाती काढून टाकण्याचे धोरणही गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. या गोष्टी जाहीर करूनच केल्या गेल्या; पण जाहीर केलेले आपण वाचतो कोठे?

६. मोठ्यांचे अनुभव

वाचकांस असे वाटेल की, विद्यार्थ्यांच्या हातून अशा चुका व्हायच्याच. मोठ्या संस्थांचे तसे होत नसेल. वस्तुस्थिती निराळी आहे.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक अख्खी इमारत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन फंडाचे गूगल क्लाउडवरील खाते पुरवठादाराच्याच चुकीमुळे नष्ट झाले. फंडाचे सहा लाखांहून अधिक सभासद. त्यांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. परंतु या फंडाने दुसऱ्या एका पुरवठादाराकडेही राखीव प्रती ठेवलेल्या होत्या. त्यांचा मोठा उपयोग होऊन व्यवहार पूर्ववत झाले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील तेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ज्या क्लाउडवर होती, तो जळाला आणि ८५८ टेराबाइट माहिती नाहीशी झाली. साठा फार मोठा असल्याने त्याची बाहेर राखीव प्रत ठेवलेली नव्हती!

तंत्रज्ञानात अग्रेसर असलेले राष्ट्र, आणि गल्ल्याच्या खणात पेन ड्राइव्ह ठेवणारे आमचे काका, यांची चूक मुळात एकच आहे. दोघांनीही सर्व काही एकाच छपराखाली ठेवले होते.

आपल्याकडील नियमांतही या गोष्टीची जाणीव दिसते. २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार, जी कंपनी आपली हिशेबपुस्तके संगणकीय स्वरूपात ठेवते, तिने त्यांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावयाची असते. पैसे चुकते करण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये दिला. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला. तथापि कायदा पुरवठादारास जबाबदार धरू शकतो. पुसलेली ओवी परत आणून देऊ शकत नाही.

७. मग करावे काय?

क्लाउड वापरूच नये, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. बुडालेल्या दुकानाची वही वाचवणारी दुसरी इतकी सोपी सोय मला तरी माहीत नाही. प्रश्न वापरावा की नाही हा नसून, कसा वापरावा हा आहे. त्या दृष्टीने काही सूचना कराव्याशा वाटतात.

(१) तीन प्रती, दोन प्रकारची साधने, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हा नियम घरालाही लागू पडतो आणि दुकानालाही. क्लाउड ही यांतील एक प्रत. एकमेव प्रत नव्हे.

(२) काही पुसण्यापूर्वी ते अन्यत्र उघडते की नाही, हे प्रत्यक्ष उघडून पाहावे. ‘असेल’ या शब्दावर विसंबू नये.

(३) वर्षातून एकदा राखीव प्रतीवरून एखादा जुना कागद परत मिळवून पाहावा. न तपासलेली प्रत ही केवळ आशा असते.

(४) वर्गणी भरण्यापूर्वी काकांचा प्रश्न विचारावा : सेवा सोडली तर माझी वही मला कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल? उत्तर समाधानकारक नसेल, तर दुसरे दुकान पाहावे. काका आता दर महिन्याच्या अखेरीस सर्व हिशेब उतरवून गावाकडच्या घरी ठेवतात.

(५) किल्ली जपावी. प्रत्येक खात्याला वेगळा सांकेतिक शब्द असावा आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. खात्याशी जोडलेला फोन क्रमांक बदलला, तर तो तेथेही बदलावा; नाही तर मालकालाच आपल्या दारात उभे राहावे लागते. घरातील आणखी एका विश्वासू माणसाला ही व्यवस्था ठाऊक असावी.

८. समारोप

आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासकांना प्रतींचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. जुने ग्रंथ आपल्यापर्यंत आले ते नकला करणाऱ्या हातांमुळे. एका मठातील पोथी वाळवीने खाल्ली, तर दुसऱ्या गावातील पोथीने पाठ वाचविला. ओव्यांच्या बाबतीतही हेच झाले आहे. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या हाताने लिहिल्या गेल्या, कित्येक ध्वनिमुद्रित झाल्या, संगणकात घातल्या गेल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर कोणालाही वाचावयास व ऐकावयास मिळू लागल्या. त्या टिकल्या, कारण त्या एकाच ठिकाणी आणि एकाच रूपात राहिल्या नाहीत.

माझ्याकडे ५२ पैकी १९ ओव्या उरल्या, त्याही शाईने लिहिलेल्या शंभर पानी वहीत. गेल्या दिवाळीत आत्या माहेरी आली, तेव्हा मी ती वही तिच्यापुढे ठेवली. वाचता वाचता तिला आणखी सात ओव्या आठवल्या. चाल आजीचीच, आवाज तिचा. या वेळी मी चित्रण केले, त्याच रात्री शब्द वहीत उतरविले, एक प्रत क्लाउडवर ठेवली आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून आत्याबरोबर तिच्या गावी पाठविली. उरलेल्या २६ ओव्या आता कोणालाच येत नाहीत.

काकांनी विचारले होते, वही माझी की त्यांची? मला सुचलेले उत्तर असे : जागा त्यांची, यंत्र त्यांचे, राखणही त्यांची, पण वही आपली राहावी, असे वाटत असेल, तर तिची एक प्रत आपल्या हाताने, आपल्या जागी ठेवलेली असली पाहिजे.